सोमवारचं डोकं

१

दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच सेवेरिना पायरीवर येऊन बसली होती. डोक्याला ओलं फडकं करकचून बांधलेलं, चेहरा लालबुंद, हातात पत्र्याचा पेला. आत आल्या आल्या तिने तो पेला नर्स तिवाच्या टेबलावर आपटला. तळाशी आल्याचा चोथा होता.

"यात विष आहे, मानांग," ती म्हणाली. "सुनेने केलेला काढा. काय घातलंय ते शोधा आणि मला कागदावर लिहून द्या."

तुबलानच्या खाण वसाहतीत नर्स प्रिमितिवाला सगळे मानांग तिवा म्हणत, म्हणजे थोरली बहीण. पंचावन्न वर्षांची, बिनलग्नाची, जिभेने तिखट. कोणाची कोंबडी नाहीशी झाली किंवा कोणाच्या दाराला निनावी चिठ्ठी लागली, की लोक फोरमनकडे न जाता तिच्याकडे येत. कोडं सुटलं की तिला दोन घास जास्त जात. हा तिचा एकुलता एक शौक होता, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता.

"आज सोमवार," ती म्हणाली. "म्हणजे डोकं दुखणारच."

"तेच तर! आठ महिने झाले. दर सोमवारी उठते तीच कानशिलं धडधडत. दुपारी आपोआप थांबतं. मंगळवारी काही नाही, बुधवारी नाही. मग पुन्हा सोमवार."

आठ महिन्यांपूर्वी सोमवारीच सेवेरिनाचा नवरा गेला होता. अन्सेल्मोने एकोणीस वर्षं खाणीत सुरुंग लावले, डोंगर फोडले आणि कधी नखालाही इजा करून घेतली नाही. मुलाचं लग्न रविवारी झालं आणि सोमवारी पहाटे कामावर निघालेला हा माणूस नळकोंडाळ्यापाशी कोसळला. खाली पडायच्या आधीच संपला होता.

"बायका म्हणतात, तो भेटायला येतो म्हणून तुझं डोकं..."

"बायकांना काय जातंय बोलायला!" सेवेरिना उसळली. "इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. तो मेल्यावर माझं डोकं फोडायला येईल? माझा अन्सेल्मो मला दुखवणार नाही, मानांग. हे त्या पोरीचं काम आहे. रविवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये जपमाळेला जाते, तेवढ्यात ती चूल ताब्यात घेते. आली तीच माझ्या माणसाला खाऊन आली, आता माझ्यावर टपलीय. दुलोला सांगून टाकलंय मी. पुढच्या मंगळवारच्या लॉरीने बायकोला माहेरी सोडून ये, आणि परत आणू नकोस."

"अगं, पाच महिन्यांची पोटुशी आहे ती."

"म्हणून तर आठ दिवस दिलेत."

तिवाने पेला उचलून हुंगला. मग त्यात पाणी ओतलं, बोटाने ढवळलं आणि सेवेरिनाच्या डोळ्यांदेखत चोथ्यासकट पिऊन टाकलं.

"आता बघू," ती तोंड पुसत म्हणाली, "माझं दुखतं का."

२

नाही दुखलं. मंगळवारी तिवा त्यांच्या घरी गेली तेव्हा सेवेरिना बाहेर गेली होती आणि सून चारिंग ओसरीवर तांदूळ निवडत होती. दक्षिणेकडच्या बेटावरची ही मुलगी शहरात मोलकरीण होती. तिथेच दुलोची आणि तिची गाठ पडली. तिची बोली वेगळी, रंग सावळा, आणि तिच्या बेटाची ख्याती वाईट.

"आमच्याकडच्या सगळ्या बायका चेटकिणी असतात म्हणे," चारिंग म्हणाली. "मला चेटूक येत असतं ना मानांग, तर आधी तुमच्या इथल्या थंडीवर केलं असतं."

तिवाला हसू आलं. "काढ्यात काय घालतेस?"

"आलं, गूळ, पाणी. एकाच भांड्यातून आम्ही तिघं पितो. माझं डोकं दुखत नाही, यांचं नाही. फक्त नानांगचं." नानांग म्हणजे आई, सासूला ती तसंच म्हणे. बोलता बोलता तिचे हात थांबले. "मला जायचं नाही, मानांग. माहेरी आई आहे आणि सावत्र बाप आहे. तिथे मूल घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ?"

तिवाने घर पाहून घेतलं. चूल, पाण्याचा माठ, कोपऱ्यात कोळशाची इस्त्री. इस्त्री दिसताच तिचे डोळे चमकले. बंद खोलीत कोळसा धुमसला की डोकं दुखतं, हे तिने शंभर वेळा पाहिलं होतं.

"ही इस्त्री रविवारी फिरवतेस?"

"यांच्या सदऱ्यावर. पण बाहेर, इथे ओसरीवर. आत धूर झालेला नानांगना खपत नाही."

इस्त्री गेली. तिवाने मनातल्या यादीत तिच्यावर काट मारली. "झोपतं कोण कुठे?"

"आम्ही इकडे. नानांग फळीपलीकडे, एकट्या. एरवी दार उघडंच असतं. रविवारी तेवढी आतून कडी लावतात."

"रविवारीच का?"

चारिंगने मान खाली घातली. "माझी भीती वाटत असेल."

"सासऱ्यांचं आणि तुझं कसं होतं?"

"होतं म्हणायला वेळच कुठे मिळाला? लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी मी तुबलानमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. पांढरीशुभ्र टोपी काढून त्यांनी मला वाकून नमस्कार केला, एखाद्या मोठ्या बाईला करावा तसा. म्हणाले, आलीस, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्हतेच." तिने पदर नसलेल्या झग्याच्या बाहीने डोळे टिपले. "नानांगना वाटतं मला त्यांचं काही नाही. मला तर बाप मिळाला होता, एका दिवसापुरता."

भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली ती टोपी लटकत होती. खाली छोट्या ताटलीत मेलेल्यासाठी काढून ठेवलेला भात होता, आजचा, ताजा. तिवाने त्या कडीचा विचार करत घर गाठलं. घाबरलेली बाई रोज कडी लावते. एकाच दिवशी कडी लावणारी बाई काहीतरी लपवत असते.

३

बुधवारी पाळी सुटल्यावर तिने ताता कुलासला गाठलं. ताता म्हणजे काका, पण वसाहतभर सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. अन्सेल्मोचा जोडीदार, सुरुंगवाल्यांमधला आता सगळ्यांत जुना.

"सोमवारी सकाळी डोकं?" तो दात नसलेल्या तोंडाने हसला. "अहो, ते आमचं दुखणं! सेवेरिनाला कुठून लागलं?"

"तुमचं म्हणजे?"

"डायनामाइटच्या कांड्यांना तेलकट घाम येतो. हाताला लागला, कपड्याला लागला, की नव्या गड्याचं डोकं असं ठणकतं की भिंतीवर आपटावंसं वाटतं. चार दिवसांत अंगवळणी पडतं. पण रविवारची सुट्टी झाली की अंग विसरतं, आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून."

तिवा अकरा वर्षं या दवाखान्यात होती. "मला कोणी कधी बोललं नाही!"

"तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फोरमनला सांगणार, आणि फोरमन म्हणणार, हा गडी नाजूक आहे, काढा याला. त्यापेक्षा आमची युक्ती बरी." त्याने आवाज खाली आणला. "कांडीवरच्या कागदाचा तुकडा रविवारच्या टोपीत, पट्टीच्या आत खोचायचा. दिवसभर कपाळाला लागून राहतो. अंग विसरत नाही आणि सोमवारी डोकं दुखत नाही. अन्सेल्मो तर या युक्तीचा बाप. एकोणीस वर्षांत त्याचा एक सोमवार बिघडला नाही."

तिवा तिथून जवळजवळ धावतच निघाली. भिंतीवरची टोपी! सेवेरिना रविवारी ती उशाशी घेऊन झोपत असणार. दुलो घरी होता. त्याला काही न सांगता तिने टोपी काढली, उलटी केली, पट्टी बोटाने उचकटून पाहिली.

आत काही नव्हतं. टोपीचा वेत घासून पांढरा केलेला, पट्टी नवीकोरी, आणि अजूनही साबणाचा मंद वास.

"लग्नासाठी धुतली होती," दुलो म्हणाला. "त्यानंतर तातांगनी एकदाच घातली." बापाला तो तातांग म्हणे.

धुतलेल्या टोपीने कोणाचं डोकं दुखणार? तिवाने ती खिळ्याला अडकवली आणि यादीतून टोपीही काढून टाकली. एवढा चांगला धागा हातचा गेला म्हणून ती झोपेपर्यंत चरफडत राहिली. टोपी धुतलेली होती, याचा आणखी काही अर्थ होतो का, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

४

शुक्रवारी शहरातून डॉक्टर येत. त्या दिवशी पहिला नंबर नेहमीप्रमाणे एपिफानियो मास्तरांचा होता. निवृत्त शिक्षक, हृदय कमजोर. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची इवलीशी गोळी त्यांना मिळायची, आणि गोळी घेतली की ते गोळीलाच शिव्या द्यायचे.

"छाती सुटते पण डोकं धरतं," ते कुरकुरले. "कानशिलं धडधडतात, तोंड भाजल्यासारखं होतं."

तिवाच्या हातातली सुई तशीच राहिली. कानशिलं धडधडत, तोंड लाल. अगदी हेच शब्द तिने दर सोमवारी ऐकले होते.

मास्तर गेल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं, "त्या गोळीत असतं तरी काय?"

"सांगितलं तर मास्तर गोळी घेणार नाहीत," डॉक्टर हसले. "तुमच्या दारूकोठारात असतं तेच. सुरुंगातलं तेल, कणभर. छातीतल्या नळ्या त्याने मोकळ्या होतात, रक्त धावायला लागतं. डोक्यातल्याही होतात, म्हणून ठणकतं."

म्हणजे सेवेरिनाला बाधत होतं ते सुरुंगाचं तेल. यात आता शंका उरली नाही. पण सेवेरिना खाणीच्या फाटकापाशीही जात नव्हती. दुलो सुरुंगवाला नव्हता, तो खाणीतला दगड दळायच्या गिरणीत काम करायचा. टोपी स्वच्छ होती. आठ महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाच्या हाताचं तेल दर रविवारी त्या बंद खोलीत येत होतं कुठून?

५

उत्तर नदीवर मिळालं. शनिवारी कुलासची बायको इग्ना कपडे आपटत होती. तिवा शेजारच्या दगडावर बसली.

"अन्सेल्मोच्या मातीनंतर त्याचे कपडे तुम्हीच धुतलेत ना?"

"मी आणि आणखी दोघी. आपली रीतच आहे ती. मेलेल्याचं सगळं नदीत धुवायचं, चादरीपासून हातरुमालापर्यंत. एक चिंधी म्हणून मागे ठेवायची नाही, नाहीतर त्याचा जीव घरात घुटमळतो. नदीकाठीच केस धुवायचे आणि मग घरी जायचं."

"सगळं धुतलंत?"

इग्नाने पिळा सोडला आणि इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही म्हणून सांगते. कामाचे सदरे कंपनी तीन देते. सेवेरिनाने त्यांच्या कॉलरवर लाल दोऱ्याने एक, दोन, तीन टाके घातलेले, म्हणजे फिरवून वापरता यावेत. त्या दिवशी तीन टाक्यांचा मिळाला, तो त्याच्या अंगावरचा. एक टाक्याचा मिळाला. दोन टाक्यांचा नव्हता. विचारलं तर म्हणाली, फाटला होता, टाकला. मी गप्प बसले. नवरा जाऊन तीन दिवस झालेल्या बाईला काय विचारायचं?"

"शेवटी तो दोन टाक्यांचा कधी घातला होता?"

"गुरुवारी असेल. शुक्रवारपासून लग्नाची रजा होती ना. गुरुवारच्या पाळीनंतर काढून ठेवलेला, धुवायचा राहिलेला."

तिवा उठली. कोडं सुटलं होतं. त्या दिवशी तिने भात दोनदा घेतला.

६

सोमवारी उजाडता उजाडता ती सेवेरिनाच्या घरी हजर झाली. फळीपलीकडचं दार आत्ताच उघडलं होतं. सेवेरिना अंथरुणात दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती. कोपऱ्यात चारिंगचं गाठोडं बांधून तयार होतं. लॉरी उद्या सकाळी निघणार होती.

"कागद आणलात?" सेवेरिनाने विचारलं.

"कागद नको. उशी उचल, अदिंग."

अदिंग म्हणजे धाकटी बहीण. ही हाक ऐकून सेवेरिनाचा चेहरा पडला. तिने उशी उचलली नाही. तिवानेच उचलली. खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, झाकण उघडं, आणि शेजारी चुरगळलेला खाकी सदरा. कॉलरवर दोन लाल टाके. छातीच्या खिशावर तेलाचे पिवळट डाग.

"सोमवारी गेला तो," सेवेरिना जमिनीकडे पाहत म्हणाली. "म्हणून रविवारी काढते. रोज काढला तर वास उडून जाईल. तेवढी एक रात्र गालाखाली घेते. रीत मोडली मी, मला माहीत आहे. पण सगळंच नदीत सोडलं असतं तर माझ्याकडे राहिलं काय असतं?"

चारिंग दारात येऊन उभी राहिली होती. तिवाला हेच हवं होतं. सुनेच्या देखत सुनेवरचा डाग निघायला हवा. तिने खुर्ची ओढली आणि एकेक बोट दुमडत सगळं सांगितलं. काढा तिने स्वतः पिऊन पाहिला होता. इस्त्री ओसरीवर होती. कुलासने सोमवारच्या डोक्याची गोष्ट सांगितली, कागदाच्या तुकड्याची युक्ती सांगितली. मास्तरांची गोळी, इग्नाचे तीन सदरे. आठवडाभर अंग विसरतं आणि एका रात्रीत पुन्हा तेल लागतं, म्हणून दर सोमवारी ठणका. तिला सांगताना मजा येत होती, खोटं कशाला बोला.

"म्हणजे विषच की," सेवेरिना म्हणाली. "त्याच्या अंगावरचं."

"विष कसलं! उलट औषध आहे ते. मास्तरांचं हृदय त्याच्यावर तर चाललंय. छातीतल्या नळ्या मोकळ्या ठेवतं."

सेवेरिनाने मान वर केली. "आणि ज्याला ते एकोणीस वर्षं रोज मिळत होतं?"

"त्याच्या अंगाला सवय होते. मग काही वाटत नाही."

"आणि एकदम बंद झालं तर?"

तिवाला दवाखान्यातली वही आठवली. अकरा वर्षांत या वसाहतीत तीन सुरुंगवाले अचानक गेले होते. दोघे रविवारी, तिसरा अन्सेल्मो, सोमवारी पहाटे. तिन्ही नावांपुढे तिने स्वतःच्या हाताने 'हृदय' असं लिहिलं होतं, आणि वार लिहिताना तिला एकदाही काही खटकलं नव्हतं.

"शुक्रवारी डुक्कर कापायला त्याने रजा घेतली," सेवेरिना हळूहळू म्हणाली. ती आता कोणाशीच बोलत नव्हती. "शनिवारी मांडव. रविवारी कोठाराला कुलूप. आणि टोपी मी शुक्रवारीच धुवायला घेतली. लोक येणार, शहरातले लोक येणार, आणि याची टोपी ही अशी कळकट. पट्टीतून मळका कागद निघाला. तो मी चुलीत टाकला, तर भस्सकन पेटला. मला हसू आलं. त्याला मी सांगितलंसुद्धा नाही. रविवारी संध्याकाळी म्हणाला, छातीवर कोणीतरी बसलंय गं. मी म्हटलं, चरबी जरा कमी खायची होती."

"अदिंग, ऐक माझं. हृदयाचं काही सांगता येत नाही. त्याची वेळ..."

"मानांग," सेवेरिना म्हणाली, "तुम्ही आत्ताच इतकं छान समजावलंत."

तिवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देता देता तिने न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकलं होतं, आणि ते आता परत घेता येत नव्हतं.

"टोपी तुम्ही नाही धुतलीत, नानांग."

चारिंग आत आली होती. "मी धुतली. तुम्ही फक्त वरवर पुसली होती. मीच नंतर साबण लावून धुतली आणि मीच पट्टी बदलली. तुमच्या लक्षात नाही. मी केलं ते. मला बोला."

सेवेरिना सुनेकडे पाहत राहिली, आठ महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहत असल्यासारखी.

"तू तेव्हा या घरात आली नव्हतीस, पोरी," ती शेवटी म्हणाली.

"आले होते."

"कशाला खोटं बोलतेस?"

"राहू दे ना माझ्यावर," चारिंग रडत म्हणाली. "नाहीतरी सगळे मलाच म्हणतात. मला सवय झालीय."

सेवेरिनाने हात पुढे केला आणि तिला ओढून अंथरुणावर शेजारी बसवलं. मग दुलोला हाक मारली. "लॉरीवाल्याला सांगून ये. उद्या आमच्या घरातून कोणी जाणार नाही."

उन्हं वर आल्यावर तिघी नदीवर गेल्या. सदरा धुवावाच लागणार होता, हे तिवाला सांगावं लागलं नाही. पाण्यापर्यंत सेवेरिनाने तो छातीशी धरून आणला. दगडापाशी आल्यावर तिने एकदा त्यात तोंड खुपसलं, बराच वेळ, आणि मग तो सुनेच्या हातात दिला.

"तू धू," ती म्हणाली. "माझ्या हातांनी नको."

चारिंगने तिवाच्या सांगण्यावरून हाताला जुन्या पोत्याचा तुकडा गुंडाळला आणि सदरा पाण्यात बुडवला. सेवेरिना काठावर बसून वाहत जाणाऱ्या साबणाकडे पाहत होती. धुऊन झाल्यावर रीतीप्रमाणे दोघींनी केस धुतले. सासूचे केस सुनेने धुतले.

पुढच्या सोमवारी तिवाने दवाखान्याचं दार उघडलं तर सेवेरिना पायरीवर बसलेली. डोक्याला फडकं नव्हतं.

"दुखतंय?" तिवाने विचारलं.

"नाही. काहीच नाही." सेवेरिनाने कानशिलाला हात लावून पाहिला, जणू तिथलं काही हरवलं होतं. "आज तो आला नाही, मानांग. सवयीने आले मी इकडे. बसू जरा?"

तिवाने तिला बाकावर जागा करून दिली. या वेळी काही समजावायला न जाता ती मलमपट्टीच्या कापडांच्या घड्या घालत बसली. थोड्या वेळाने चारिंग एका हाताने पोट सावरत चढण चढून आली. दुसऱ्या हातात तोच पत्र्याचा पेला होता, वाफाळणारा. तिने तो सासूपुढे धरला.

सेवेरिनाने पेला घेतला, फुंकर मारली आणि घोट घोट करत सगळा काढा संपवला. मग रिकामा पेला सुनेला परत दिला आणि म्हणाली, "आलं जरा कमी घाल. बाळंतपणापर्यंत तुला सोसायचं नाही."